एमएस आणि एपस्टाइन-बार विषाणू: अशेरिओ गटाचा २०२२चा शोधनिबंध नीट वाचू या

सीरमवाला (धागाकर्ता)

"मल्टिपल स्क्लेरोसिस विषाणूमुळे होतो" हे वाक्य गेली काही वर्षं कानावर पडतंय. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस: शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचं आवरण कुरतडते तो आजार. त्याच्या मुळाशी आहे जानेवारी २०२२मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला शोधनिबंध. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातले साथरोगतज्ज्ञ अल्बर्टो अशेरिओ यांच्या गटाचं हे काम, लेखकांत पहिलं नाव ब्यॉर्नेविक यांचं. बातम्यांनी त्यातला "३२ पट धोका" एवढाच आकडा उचलला. तो किती माणसांच्या जिवावर उभा आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि या कामाचा खरा कस तर तिथेच आहे. म्हणून हा धागा.

अडचण काय होती ते आधी बघू. एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, जगातल्या ९०-९५ टक्के प्रौढांच्या अंगात असतोच. एकदा शिरला की प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींत आयुष्यभर मुक्काम. एमएसच्या रुग्णांत तो जवळपास १०० टक्के सापडतो, पण रोग झाल्यावर रक्त तपासून काय कळणार? विषाणू आधी आला की रोग आधी, हे ठरत नाही. ते ठरवायचं तर तीन गोष्टी हव्यात: तरुण वयातही ईबीव्ही न झालेली माणसं, त्यांचं रोगाच्या कितीतरी आधी घेतलेलं रक्त, आणि त्यांतल्या काहींना पुढे एमएस झाल्याची पक्की नोंद. ईबीव्ही न झालेली माणसं शंभरात पाच-दहाच मिळतात आणि एमएस मुळात विरळा. म्हणजे लाखो माणसं हवीत.

ती मिळाली अमेरिकन सैन्यात. तिथे भरतीच्या वेळी आणि मग साधारण दर दोन वर्षांनी एचआयव्हीची तपासणी होते आणि उरलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) उणे ३० अंश सेल्सियसला जपून ठेवतात. मेरिलंडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या या साठ्यात ६ कोटींहून जास्त नमुने आहेत. १९९३ ते २०१३ या काळात सेवेत असलेल्या १ कोटीहून अधिक सैनिकांपैकी ९५५ जणांना सेवेत असताना एमएसचं निदान झालं. त्यांतल्या पुरेसं सीरम असलेल्या ८०१ जणांचे प्रत्येकी तीनपर्यंत नमुने घेतले: उपलब्ध असलेला पहिला, लक्षणं सुरू होण्याआधीचा शेवटचा, आणि एक मधला. जोडीला एमएस नसलेले १,५६६ सैनिक. वय, लिंग, वंश, सैन्यदलाची शाखा आणि रक्त घेतल्याची तारीख जुळवून निवडलेले.

आता मुद्द्याचा आकडा. ८०१ पैकी ३५ जण पहिल्या नमुन्यात ईबीव्ही-निगेटिव्ह होते. त्यांतल्या ३४ जणांना लक्षणं सुरू होण्याआधी संसर्ग झाला. तुलनेच्या गटात असे निगेटिव्ह १०७ होते. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनाच झाला. सगळा निबंध या ३५ माणसांभोवती फिरतो.

---

आकडेमोड

धागा काढल्याबद्दल आभार. ३५ वर एवढा डोलारा कसा पेलतो हे कागद-पेन घेऊन बघता येतं.

समजा ईबीव्हीचा एमएसशी काडीचाही संबंध नाही. मग या ३५ जणांत संसर्गाचं प्रमाण तुलनेच्या गटाएवढंच, म्हणजे ५७ टक्के असायला हवं. साधारण २० जण. प्रत्यक्षात ३४. ५७ टक्के शक्यतेने ३५ पैकी ३४ किंवा जास्त पॉझिटिव्ह यायची संभाव्यता काढली तर ती सव्वा कोटीत एक अशी येते. हा ढोबळ हिशोब आहे, जोड्या जुळवल्याचा विचार यात नाही. पण योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही एवढं त्यातून स्पष्ट होतं.

हॅझर्ड रेशो, म्हणजे संसर्ग झालेल्यांत न झालेल्यांच्या किती पट धोका, ३२.४ आहे, पण त्याच्या ९५ टक्के विश्वास-अंतराची (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा त्यांची) टोकं ४.३ आणि २४५.३! एवढं रुंद अंतर पाहून पुष्कळांनी नाकं मुरडली. ते रुंद का, हे समजून घ्या. दोन्ही टोकांचे नैसर्गिक लॉग काढा: १.४६ आणि ५.५०. फरक ४.०४, त्याला ३.९२ ने भागलं की प्रमाणित त्रुटी १.०३. अशा गणितात त्रुटी साधारण प्रत्येक रकान्यातल्या संख्येच्या व्यस्तांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यावर येते. एखाद्या रकान्यात एकच माणूस असेल तर १/१ = १, आणि बाकीच्यांची भर किरकोळ. म्हणजे हे अंतर रुंद झालं ते जवळजवळ एका माणसामुळे: संसर्ग न होता एमएस झालेल्या त्या एकट्यामुळे. तोही पॉझिटिव्ह निघाला असता तर रेशो काढताच आला नसता, भागाकार शून्याने झाला असता. त्यामुळे "३२ पट" हे वाक्य काटेकोर नाही. "किमान चौपट, बहुधा कितीतरी जास्त" असं म्हणावं.

---

निळी_शाई

तो एकटा कोण? ईबीव्ही नसतानाही एमएस होऊ शकतो याचा तो पुरावा नाही का?

---

सीरमवाला

रास्त प्रश्न. शेवटचा नमुना लक्षणांच्या आधीचा आहे. लक्षणं सुरू झाली त्या दिवशी कुणी रक्त घेतलेलं नाही. मधल्या काळात त्याला संसर्ग झाला असेल तर नमुन्यात दिसणार नाही. दुसरी शक्यता: संसर्ग होऊनही काही थोड्या लोकांत मोजण्याइतके प्रतिपिंड तयार होत नाहीत. तिसरी, निदानच चुकलेलं असणं. एमएससारखे दिसणारे पण एमएस नसलेले आजार आहेत, आणि शेकडो रुग्णांत एखादं चुकीचं निदान असणं मुळीच अशक्य नाही. यांतलं काय घडलं हे त्या नमुन्यावरून ठरवता येत नाही, आणि एका माणसाच्या आधारावर कुठल्याच बाजूने मोठा दावा करू नये.

---

चेतापेशी

मला यातली सगळ्यात गंभीर शंका वाटते ती उलट्या कार्यकारणाची. एमएस लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होतो. याच गटाने याच साठ्यातल्या सीरमवर २०२०मध्ये दाखवलं होतं की चेतातंतूंची मोडतोड झाल्यावर रक्तात उतरणारं न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन लक्षणांच्या सुमारे ६ वर्षं आधीपासून वाढलेलं असू शकतं. मग असंही असेल की मेंदूत रोग आधीच धुमसत होता, प्रतिकारशक्ती बिघडली होती, आणि त्यामुळे ईबीव्हीला वाट मिळाली?

---

सीरमवाला

चेतापेशी, ही शंका लेखकांनी स्वतःच घेतली आहे आणि तिच्यासाठी तीन वेगवेगळ्या चाचण्या केल्या आहेत. मला तरी निबंधातला हा सर्वात देखणा भाग वाटतो.

पहिली, तेच न्यूरोफिलामेंट. सुरुवातीला ईबीव्ही-निगेटिव्ह असलेल्या भावी रुग्णांत संसर्गाच्या आधी ते तुलनेच्या गटाइतकंच होतं. वाढ दिसली ती संसर्गानंतरच्या नमुन्यांत. रोग आधी धुमसत असता तर प्रथिन आधी वाढलं असतं.

दुसरी, सायटोमेगॅलोव्हायरस. तोही नागीण कुळातला, तोही लाळेतून पसरतो, तोही आयुष्यभर शरीरात राहतो. प्रतिकारशक्ती ढासळल्यामुळे ईबीव्ही शिरला असता तर यालाही तसाच शिरकाव मिळायला हवा होता. तसं झालं नाही. भावी रुग्णांत त्याचा संसर्ग तुलनेच्या गटापेक्षा जास्त नव्हता.

तिसरी, माणसाला होणाऱ्या सुमारे २०० विषाणूंच्या प्रथिनांचे तुकडे एकाच वेळी तपासणारी व्हायरस्कॅन ही पद्धत. त्या विषाणूंच्या प्रथिनांचे छोटे तुकडे जीवाणूभक्षी विषाणूंच्या पृष्ठभागावर चिकटवतात, त्यांत रुग्णाचं सीरम मिसळतात, आणि कोणत्या तुकड्यांना प्रतिपिंड धरतात ते डीएनए वाचून ओळखतात. या सगळ्या गर्दीत फरक दिसला तो ईबीव्हीच्या तुकड्यांवर.

---

आकडेमोड

आणखी एक आकडा जोडतो. "दोन्हींच्या मागे तिसरंच काही कारण असेल" असं म्हणणाऱ्यांसाठी ई-व्हॅल्यू नावाचं मोजमाप आहे. सूत्र सोपं: रेशोत, रेशो गुणिले (रेशो उणे एक) याचं वर्गमूळ मिळवायचं. ३२.४ साठी उत्तर येतं ६४. म्हणजे ते अज्ञात कारण ईबीव्हीचा संसर्ग ६४ पट वाढवणारं हवं आणि एमएसही ६४ पट वाढवणारं हवं. खालच्या टोकाला, ४.३ ला धरलं तरी साधारण ८ पट लागतं. एमएसचा सर्वात मोठा ज्ञात आनुवंशिक धोका, एचएलए-डीआरबी१ १५:०१, सुमारे ३ पटीचा. धूम्रपान दीडपटीच्या आसपास. दोन्हीकडे ८ पट काम करणारं आणि आजवर कुणाच्या नजरेला न पडलेलं कारण मला तरी सुचत नाही.

---

प्रयोगशाळा_क्र_७

चाचणीच्या बाजूने थोडं. सीरममध्ये पेशी नसतात. ईबीव्ही सुप्तावस्थेत स्मृती बी-पेशींमध्ये दडतो, तेव्हा सीरममध्ये तो थेट सापडायची अपेक्षाच नाही. मोजायचे ते प्रतिपिंड. उणे ३० ला आयजीजी या प्रकारचे प्रतिपिंड वर्षानुवर्षं टिकतात. बिघडतात ते नमुना पुन्हापुन्हा वितळवून गोठवल्याने. म्हणून मोठ्या साठ्यांत नमुना छोट्या कुप्यांत आधीच वाटून ठेवतात आणि एकेक कुपी एकेका कामाला काढतात.

दवाखान्यातल्या ईबीव्ही पॅनेलचे तीन घटक: व्हीसीए आयजीएम, व्हीसीए आयजीजी आणि ईबीएनए-१ आयजीजी. व्हीसीए आणि ईबीएनए-१ ही विषाणूची प्रथिनं, आयजीएम आणि आयजीजी हे त्यांच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रकार. पहिले दोन संसर्गाच्या सुरुवातीला येतात. ईबीएनए-१ उशिरा, काही आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत. व्हीसीए आयजीएम आहे आणि ईबीएनए-१ नाही, तर संसर्ग ताजा. व्हीसीए आयजीजी आणि ईबीएनए-१ दोन्ही आहेत, आयजीएम नाही, तर जुना. घोळ होतो तो आयजीएमवर: संधिवातातला र्‍हुमॅटॉइड फॅक्टर आणि सायटोमेगॅलोव्हायरसचा ताजा संसर्ग या दोन्हींमुळे ते खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं.

आणि हे जरा ठळक सांगतो: एमएसच्या निदानासाठी ईबीव्हीची तपासणी करून घेऊ नका. पॉझिटिव्ह येणार हे आधीच ठाऊक आहे, तुमचंही आणि शेजाऱ्यांचंही. त्यापेक्षा पाठीतल्या पाण्याची ऑलिगोक्लोनल बँड (प्रतिपिंडांचे पट्टे) तपासणी नीट करून घ्या. तीही करताना त्याच दिवशीचं रक्त सोबत पाठवायचं, कारण पाण्यात असलेले पण रक्तात नसलेले दोन किंवा जास्त पट्टे मोजायचे असतात. नुसतं पाणी पाठवलं तर अहवालाला अर्थ उरत नाही. पद्धत आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगची आहे ना, तेही विचारून घ्या. साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये पट्टे निसटतात.

---

चेतापेशी

प्रयोगशाळा_क्र_७ यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि आपल्याकडच्यासाठी एक भर. भारतात एमएस म्हणून आलेल्यांत एनएमओएसडी, हा एमएससारखा दिसणारा पण वेगळा आजार, निघण्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा सुजणं, मज्जारज्जूत तीन किंवा जास्त मणक्यांच्या उंचीचा सलग चट्टा, न थांबणारी उचकी किंवा ओकाऱ्या, यांतलं काही दिसलं की अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंड तपासायलाच हवेत, तेही सेल-बेस्ड (जिवंत पेशींऐवजी वा जिवंत पेशींवर प्रथिन उमटवून करायच्या) पद्धतीने, सोबत एमओजी प्रतिपिंडही. कारण इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओएसडीत आजार वाढवू शकतात. बी-१२ची कमतरता आणि मेंदूचा क्षयरोगही आपल्याकडे यादीत वर ठेवावे लागतात.

---

निळी_शाई

मग मूळ प्रश्न. भारतात ईबीव्ही बालपणीच जवळपास सगळ्यांना होतो. एमएस मात्र युरोप-अमेरिकेपेक्षा खूप कमी. विषाणू कारण असेल तर उलट व्हायला हवं होतं ना?

---

सीरमवाला

उलट दिसतं कारण आपण "कारण" हा शब्द "पुरेसं कारण" या अर्थी घेतो. पोलिओ आठवा. विषाणूशिवाय तो पक्षाघात होत नाही; पण संसर्ग झालेल्या सुमारे २०० जणांत एकालाच पक्षाघात होतो. ईबीव्ही आवश्यक, पण एकटा पुरेसा नाही, एवढंच या कामातून निघतं.

बाकीचे घटक कोणते, यात संसर्गाचं वय फार महत्त्वाचं दिसतं. लहानपणी झालेला ईबीव्ही बहुतेकदा साध्या सर्दी-तापासारखा जातो. किशोरवयात किंवा तरुणपणी झाला तर ग्रंथी सुजवणारा मोनोन्यूक्लिओसिस होण्याची शक्यता जास्त, आणि मोनोन्यूक्लिओसिस होऊन गेलेल्यांत पुढे एमएसचा धोका दुपटीच्या आसपास असतो. आपल्याकडे घराघरांत लहानपणीच उष्ट्यापाष्ट्यातून तो होऊन जातो.

स्थलांतराचा पुरावाही याच दिशेला जातो. भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्यांत एमएस कमी, पण तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत प्रमाण स्थानिकांच्या जवळ जातं, असं १९९०मध्येच दिसलं होतं. जनुकं तीच, बालपण बदललं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या डॉक्टरांनी "भारतीयांना एमएस होत नाही" हा जुना समज बाजूला ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

---

चेतापेशी

उलट बाजूने जनुकांचाही वाटा आहे. मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजात एमएस आजूबाजूच्या इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त आढळलेला आहे. हवा-पाणी, शहर, ऊन सगळं तेच. मात्र एवढ्या छोट्या समाजात दोन-चार रुग्ण इकडेतिकडे झाले तरी दर हलतो, तेव्हा नेमक्या आकड्यावर भर न देता दिशेवर द्यावा. आणि सर्वसाधारण भारतीय आकडे कमी असण्यात एमआरआयची उपलब्धता हा मोठा घटक आहेच. जिल्ह्याच्या गावी यंत्र नसेल तर निदानच होत नाही.

---

बी_पेशी

विषाणू मेंदूपर्यंत नुकसान पोचवतो कसा, यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. अशेरिओंच्या निबंधानंतर थोड्याच दिवसांत 'नेचर'मध्ये स्टॅनफर्डच्या रॉबिन्सन गटाचं काम आलं. त्यांनी एमएस रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यातल्या बी-पेशींचे प्रतिपिंड वाचले आणि एक असा पकडला जो ईबीएनए-१च्या ३८६ ते ४०५ या अमिनो आम्लांच्या पट्ट्याला चिकटतो आणि मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनाच्या ३७० ते ३८९ या पट्ट्यालाही. ग्लायलकॅमवर फॉस्फेट लागलं की ही पकड आणखी घट्ट होते. विषाणूला ओळखायला शिकलेला प्रतिपिंड घरच्याच माणसाला चोर समजतो, असं म्हणा. मात्र असे प्रतिपिंड रुग्णांच्या साधारण पाव हिश्श्यात दिसतात, सगळ्यांत नाही. उरलेल्यांत काय घडतं, यासाठी दुसरी यंत्रणा शोधावी लागेल.

दुसरा धागा उपचारांचा. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टीफन हाउजर यांनी बी-पेशींवर हट्टाने काम केलं, तेव्हा बहुतेकांची भिस्त टी-पेशींवर होती. २००८मध्ये रिटुक्सिमॅब या औषधाची १०४ रुग्णांवरची चाचणी आली, आणि मेंदूतले नवे चट्टे काही आठवड्यांतच घटलेले दिसले. २०१७मध्ये ऑक्रेलिझुमॅब: वर्षाला झटक्यांचं (आजार पुन्हा उफाळण्याचं) प्रमाण इंटरफेरॉनवर ०.२९, यावर ०.१६. ही औषधं पृष्ठभागावर सीडी-२० हे प्रथिन असलेल्या बी-पेशी संपवतात, आणि ईबीव्हीचा मुक्काम नेमका त्यांतल्याच स्मृती पेशींत. हा योगायोग की गुपित, यावर अजून वाद आहे. प्रतिपिंड बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतं, म्हणून औषध लागू पडूनही पाण्यातले पट्टे तसेच राहतात. ते पाहून औषध फसलं असं समजू नये. हाउजर आणि अशेरिओ या दोघांना २०२५चा ब्रेकथ्रू पुरस्कार एकत्र मिळाला.

आपल्याकडे रिटुक्सिमॅब स्वस्त पडतं म्हणून जास्त वापरतात. सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीसीही तपासलेलं असावं. नुसतं पहिलं निगेटिव्ह पाहून पुढे गेलं आणि दडलेला हेपॅटायटिस बी उफाळला, तर यकृतावर बेततं. लसी आधी उरकायच्या, कारण बी-पेशी गेल्यावर लसीला प्रतिसाद क्षीण येतो.

---

आकडेमोड

ड जीवनसत्त्वाचा विषय निघणारच, तेव्हा आधीच सांगतो. तेही याच सीरम साठ्यावरचं, याच गटाचं २००६चं काम: २५७ रुग्ण, आणि श्वेतवर्णीयांत रक्तातलं प्रमाण दर ५० नॅनोमोल प्रति लिटरने वाढलं की धोका ४१ टक्क्यांनी कमी. एककाकडे लक्ष द्या. आपल्या प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिली देतात. नॅनोमोल हवे असतील तर २.५ ने गुणा. त्या निबंधातला सर्वात वरचा गट ९९ नॅनोमोलच्या वरचा, म्हणजे आपल्या अहवालातला साधारण ४०. कुणी "९९ हवं" असं वाचून ९९ नॅनोग्रॅमचा पाठलाग करत ६०,००० युनिटच्या पुड्या महिनोन्‌महिने घेत राहिलं, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. आणि हे रोगाआधीच्या पातळीबद्दल आहे. रोग झाल्यावर ड दिल्याने झटके घटतात का, यावर चाचण्यांची उत्तरं एकसारखी नाहीत.

---

निळी_शाई

शंका बऱ्याच फिटल्या. शेवटची: लस देऊन पाहिली की कारण सिद्धच होईल ना? मग थांबलंय कशासाठी?

---

बी_पेशी

गणितासाठी. एक कोटी सैनिकांत वीस वर्षांत ९५५ रुग्ण. एमएस टळतो का हे लसीच्या चाचणीत पाहायचं तर लाखो माणसं आणि संसर्गापासून लक्षणांपर्यंतची वर्षं धरून एक-दोन दशकं हवीत. सैनिकांत पहिल्या पॉझिटिव्ह नमुन्यापासून लक्षणांपर्यंतचं मध्यक अंतर पाच वर्षांचं होतं. म्हणून चाचण्यांत आधी मोनोन्यूक्लिओसिस टळतो का हे पाहतात. विषाणूच्या जीपी-३५० प्रथिनाची लस २००७मध्ये १८१ तरुणांवर तपासली होती: मोनोन्यूक्लिओसिस ७८ टक्क्यांनी घटला, संसर्ग मात्र थांबला नाही. एमएस टाळायला संसर्ग थांबवावा लागतो की त्याची तीव्रता कमी केली तरी पुरतं, हे त्या चाचणीतून कळणं शक्यच नव्हतं.

आणि भारतात ही लस द्यायची वेळ आली तर वेळापत्रक अमेरिकेचं चालणार नाही. तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांतही पुष्कळ निगेटिव्ह सापडतात. आपल्याकडे त्या वयापर्यंत बहुतेकांना होऊन गेलेला असतो. म्हणजे आईकडून आलेले प्रतिपिंड ओसरतात त्या सुमारास, पहिल्या वर्षातच, गोवराच्या लसीच्या आगेमागे तिला जागा शोधावी लागेल.